थंडीत झाडांचे परागकण कधी सुटतात, कुठवर जातात आणि आपल्या नाकात कसे पोचतात

जानेवारी लागला की ठाण्यात काय, ऐरोली-नेरुळला काय, सकाळी उठल्या उठल्या पाठोपाठ शिंका देणारी माणसं घरोघरी दिसायला लागतात. डोळे चोळतायत, नाक गळतंय, ताप मात्र नाही. घरातलं कोणीतरी मोठं माणूस लगेच म्हणतं, गार वारं लागलं, कानाला बांध काहीतरी. दोष थंडीला जातो. कधी तो व्हायरस असतो, कधी बांधकामाची धूळ असते, पण काही जणांच्या बाबतीत ते झाडांचे परागकण असतात आणि त्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. कारण आपल्या डोक्यात बसलंय की फुलं म्हणजे वसंत आणि थंडीत झाडं गप्प असतात. आपल्याकडे तसं नाहीये. आंब्याला मोहोर थंडीत येतो, काटेसावर, पळस, पांगारा थंडी सरता सरता पानं टाकून फुलतात, आणि ज्यांची फुलं आपल्याला दिसतही नाहीत अशी झाडं तर याच दिवसांत मुकाट्याने हवेत पराग सोडत असतात.

थंडीमुळे परागकण थांबत नाहीत. थंडी फक्त ठरवते की ते कधी तयार होणार, कधी सुटणार आणि सुटल्यावर किती वेळ आपल्या नाकाच्या उंचीवर तरंगणार, आणि या तिन्ही गोष्टींमागची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून नुसता तापमानाचा आकडा बघून काही कळत नाही.

आधी परागकण म्हणजे काय ते थोडक्यात. फुलातल्या पुंकेसराच्या टोकाला छोट्या पिशव्या असतात, परागकोश, त्यात ही बारीक पूड भरलेली असते. एक कण साधारण २० ते ४० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या निम्मा किंवा त्याहून कमी. आता झाडांचे दोन प्रकार. एक, जे मधमाश्या, माश्या, पक्षी यांच्या भरवशावर असतात, त्यांची फुलं मोठी, रंगीत नाहीतर वासाची, आणि पराग चिकट नि जड, तो हवेत फार जातच नाही. दुसरे, जे वाऱ्याच्या भरवशावर असतात. यांची फुलं बारकी, हिरवट, बिनवासाची, पण पराग सुटा, कोरडा आणि भरमसाट, कारण वारा नेईल तिकडे जाणार, त्यातला एखादा कण योग्य फुलावर पडला तरी पुष्कळ. नाकाला त्रास मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचा.

म्हणून रस्त्यावर सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडला म्हणून घाबरायचं कारण नाही, त्या पाकळ्या आहेत. एप्रिल-मे मध्ये सावरीचा पांढरा कापूस उडतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज फिरतात की बघा अ‍ॅलर्जी पसरली, तर तो कापूस म्हणजे बियांना चिकटलेले तंतू, पराग नव्हेच. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सप्तपर्णीच्या वासाने डोकं धरतं ते खरं आहे, कित्येकांना त्रास होतो, पण तो मुख्यतः वासाचा, तिचा परागही किडेच नेतात.

मग वाऱ्यावर कोण सोडतं? वावळ हे त्यातलं मोठं नाव. आपल्या पानझडी जंगलांत आणि कुठे कुठे रस्त्याकडेलाही असतं, थंडीच्या शेवटी शेवटी पूर्ण निष्पर्ण होतं आणि त्या उघड्या फांद्यांवर हिरवट-तपकिरी फुलांचे बारके झुबके येतात. पानं नसताना फुलणं हे झाडाच्या फायद्याचं, कारण पराग पानांवर अडकून पडत नाही, सरळ वाऱ्याला लागतो. दिल्लीकडे हेच झाड फेब्रुवारी-मार्चमध्ये अ‍ॅलर्जीच्या दवाखान्यांत गर्दी वाढवतं. मग सुरूचं झाड, किनाऱ्यावर रांगांनी लावलेलं. तुती. नारळाचा पराग किडेही नेतात आणि वाराही. आणि एक झाड, खरं तर झुडूप, ज्याला आपण मोजतच नाही, ते म्हणजे एरंड.

नवी मुंबईत रिकाम्या प्लॉटवर, नाल्याच्या काठाला, रेल्वेच्या कुंपणाबाहेर एरंड कोणी न लावता माजतो. त्याचा तुरा एकदा जवळून बघाच. वरच्या बाजूला मादी फुलं, लाल बारीक धागे बाहेर काढलेली, त्याखाली काटेरी दिसणारी कोवळी फळं, आणि अगदी खालच्या बाजूला नर फुलं, फिकट पिवळ्या पुंकेसरांचे दाट गोंडे. सकाळी लवकर गेलात तर गोंडे दवाने ओलसर असतात, बोटाने हलवलं तरी काही पडत नाही. तोच तुरा ऊन चढल्यावर, साडेनऊ-दहानंतर हलवा, पिवळसर धूर उडतो. एरंडाचे परागकोश सुकले की नुसते उघडत नाहीत, ते फुटतात आणि पूड बाहेर फेकतात. (शिंकांचा त्रास असेल तर हा प्रयोग दुसऱ्याला करायला सांगा.)

पराग सुटण्याचं गुपित ते हेच. परागकोशाच्या भिंतीत दोन तऱ्हेच्या पेशी असतात, पाणी उडालं की एक थर जास्त आकसतो, दुसरा कमी, ताण येतो आणि भिंत ठरलेल्या रेषेवर उकलते. म्हणजे पराग सोडायचा की नाही हे मोठ्या प्रमाणात हवेच्या कोरडेपणावर ठरतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के असते, तेव्हा ही पिशवी उघडायला तयार नसते. थंडीत उत्तरेकडून, ईशान्येकडून कोरडं वारं येतं, दुपारी आर्द्रता चाळीसच्या खाली जाते, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि तेव्हाच परागकोशही उकलतात. तुतीत तर सुकलेला पुंकेसर इतक्या झटक्यात सरळ होतो की त्याचा वेग आवाजाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त मोजला गेलाय, वनस्पतींमध्ये एवढी वेगवान हालचाल क्वचितच सापडते. इस्लामाबादला १९६० च्या दशकात कागदी तुती मोठ्या प्रमाणात लावली गेली, आज मार्चमध्ये तिथे हवेच्या एका घनमीटरमध्ये परागकणांचा आकडा हजारोंच्या घरात जातो आणि दम्याच्या रुग्णांचे हाल होतात.

ऐन थंडीत पराग सुटतो याचं जगातलं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या टेक्ससचं. तिथे जुनिपर जातीचं एक झाड आहे, लोक त्याला माउंटन सीडर म्हणतात, त्याचा सीझन डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे ऐन हिवाळा. नर झाडं तयार परागाने तांबूस-नारिंगी दिसायला लागतात, पण हवा दमट आहे तोवर शांत असतात. मग उत्तरेकडून थंड हवेची लाट येते, आर्द्रता एकदम पडते, वारा सुटतो, आणि झाडांतून धूर निघाल्यासारखे परागाचे लोट दिसतात, आग लागली समजून लोक फोन करतात. सर्दी-शिंकांच्या या साथीला तिथे सीडर फीवर म्हणतात, नावात ताप असला तरी ताप सहसा येत नाही. लाट आली तेव्हा तापमान उतरलं हे खरं, पण पराग सोडवला तो कोरड्या वाऱ्याने.

मग तापमानाचं काम काय? ते आहे वेळ ठरवण्याचं, आणि थंड देशांत ते जास्त स्पष्ट दिसतं. युरोपात हेझल, अल्डर, बर्च ही झाडं आपली नर फुलं आदल्या उन्हाळ्यातच तयार करून ठेवतात, हिवाळाभर ती फांदीला बंद लोंबत असतात. झाड झोपलेलं असतं आणि जागं व्हायला त्याला दोन गोष्टी लागतात, आधी पुरेशी थंडी आणि मग पुरेशी ऊब. हिमाचलमधल्या सफरचंदवाल्यांना हे पाठ आहे, तिथल्या जुन्या जातींना सात अंशांखालचे हजाराच्या आसपास तास मिळाले नाहीत तर बहर नीट येत नाही. परागाचंही तसंच. थंडीचा कोटा भरला की पुढे जितकी लवकर ऊब तितकं लवकर फूल, म्हणून सौम्य हिवाळ्यात हेझल आणि अल्डर जानेवारीतच पराग सोडून मोकळे होतात. पण हिवाळा फारच उबदार झाला तर उलटंही होऊ शकतं, कोटाच भरत नाही, झाडाला जागं व्हायला जास्त ऊब लागते आणि फुलणं लांबतं. जपानमध्ये सुगी नावाचा सूचिपर्णी वृक्ष दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडासाठी डोंगरच्या डोंगर भरून लावला, २०१९ च्या पाहणीत तिथल्या सुमारे ३९ टक्के लोकांना त्याच्या परागाची अ‍ॅलर्जी निघाली. तिथे या वर्षी पराग किती येणार ते आदल्या उन्हाळ्यातल्या उन्हावर ठरतं आणि कधी येणार ते हिवाळ्यावर. उत्तर अमेरिकेत १९९० ते २०१८ ची आकडेवारी तपासली तेव्हा परागाचा सीझन साधारण २० दिवस लवकर सुरू होतोय, ८ दिवस लांबलाय आणि परागाचं प्रमाण २१ टक्क्यांनी वाढलंय असं दिसलं. हवा तापतेय हे त्यामागचं एक मोठं कारण आहे आणि मला ही गोष्ट गंभीर वाटते.

आपल्याकडे सात अंशांचा प्रश्नच नाही. मुंबईत आजवरचं सगळ्यात कमी तापमान सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला नोंदलं गेलं, ७.४ अंश. तरीही थंडी लागते, फक्त आकडा वेगळा, आणि ते बघायला आंब्यासारखं झाड नाही. पावसाळा संपला की आंबा वाढ थांबवून बसतो, मग रात्रीचं तापमान काही आठवडे विशीच्या खाली राहिलं की पक्व फांद्यांच्या टोकाला मोहोराची डोळी सुटते. थंडी उशिरा आली, मोहोर उशिरा. नोव्हेंबर-डिसेंबर ढगाळ नि उकाड्याचा गेला की मोहोराऐवजी नुसती पालवी फुटते आणि बागायतदाराच्या कपाळाला आठ्या पडतात. येऊरच्या पाड्यांत किंवा नवी मुंबईच्या गावठाणांत जुनी आंब्याची झाडं आहेत त्यांच्यावर हे दर वर्षी बघता येतं, एकाच झाडाची एक बाजू मोहोरलेली आणि दुसरी लालसर पालवीने भरलेली.

पण थंडी जास्त झाली तरी पंचाईत. आंब्याच्या मोहोराच्या एका झुपक्यात शेकडो, कधी हजारो फुलं असतात, त्यातली बहुतेक नर, थोडी द्विलिंगी, आणि फळ धरतं ते फक्त द्विलिंगी फुलांना. मोहोर तयार होत असताना कडाका पडला की द्विलिंगी फुलांचं प्रमाण घटतं, परागही नीट पोसत नाही आणि माश्या, मधमाश्याही गारठ्यात बाहेर पडत नाहीत. एका फुलात बहुतेक वेळा एकच कामाचा पुंकेसर असतो, म्हणजे मुळात परागच थोडा. त्यात थंडी फेब्रुवारीपर्यंत लांबली तर हापूसला पुनर्मोहोर येतो, वाटाण्याएवढी कैरी लागलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर, आणि मग आधीची कैरी गळते. झाड भरगच्च मोहोरलेलं बघून आपण खूश होतो, पण मे महिन्यातली पेटी किती रुपयांना मिळणार ते जानेवारीतल्या या रात्रींत बरंचसं ठरून गेलेलं असतं. आंब्याच्या मोहोराखाली उभं राहिल्यावर नाक चुरचुरतं त्यात वासाचा भाग मोठा आहे, त्याचा चिकट पराग लांब जात नाही.

आता पसरण्याकडे येऊ, कारण आपल्या शहरांत खरी गंमत इथे आहे. शांत हवेत २०-२५ मायक्रॉनचा कण सेकंदाला एक-दोन सेंटिमीटर या गतीने खाली येतो. दहा मीटर उंच झाडावरून सुटला आणि दोन सेंटिमीटरचा वेग धरला तर जमिनीवर यायला ५०० सेकंद, आठ मिनिटांच्या वर. तेवढ्यात ताशी सात-आठ किलोमीटरची झुळूक त्याला एक किलोमीटर नेते. हे झालं सपाट हिशोबात, प्रत्यक्षात दुपारी जमीन तापते, हवा वर उठते आणि कण शेकडो मीटर वर जातात, पातळ होऊन पसरतात. म्हणून दुपारी पराग सुटत जास्त असला तरी तो पसरायला जागाही भरपूर असते.

थंडीच्या रात्री उलटं होतं. आकाश निरभ्र, जमीन पटकन गार होते, तिला चिकटलेली हवा गार आणि वरची हवा उबदार. गार हवा जड, ती वर जात नाही, म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं, यालाच इन्व्हर्जन म्हणतात. दिवसभर वर गेलेले कण संध्याकाळी खाली उतरायला लागतात आणि त्या झाकणाखाली, अगदी आपल्या उंचीवर, अडकतात. ठाण्याच्या खाडीवर पहाटे जो करडा थर दिसतो, विटावा-कळव्याच्या पुलावरून किंवा ऐरोली पुलावरून, तो धुकं, धूर आणि धूळ यांचा असतो, आणि पराग असेल तर तोही त्यातच. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला झाकण अजून पूर्ण उघडलेलं नसतं पण ऊन लागून परागकोश उकलायला लागतात. जुना अडकलेला माल आणि नवीन सुटलेला माल एकत्र. सकाळी शिंका का येतात याचं एक उत्तर इथे आहे. (दुसरं उत्तर गादीतले माइट्स, म्हणजे धुळीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, ते विसरू नका.)

वाऱ्याची दिशाही बघायला हवी. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवत असतील. रात्री आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे आपल्याकडे कल्याण-मुरबाडच्या बाजूने, कोरडा, झाडांचा नि धुळीचा. दुपारी समुद्राकडून. पण थंडीत खारा वारा उशिरा सुरू होतो, कधी दुपार उलटून जाते तरी त्याचा पत्ता नसतो, मग जमिनीवरची हवा तशीच रेंगाळते. त्यात ठाण्याला एका बाजूने येऊरचे डोंगर, पलीकडे नवी मुंबईच्या मागे पारसिकची रांग, मधे खाडी. उताराची गार हवा रात्री खाली घसरते आणि खोलगट भागात साचते. म्हणून तीच अ‍ॅलर्जी असलेली दोन भावंडं, एक डोंगराच्या पायथ्याशी आणि एक पाम बीच रोडला, एकाच दिवशी वेगवेगळी तक्रार करतील.

पाऊस आला तर? डिसेंबर-जानेवारीत कधी अवकाळी सर येते, मोहोराचं नुकसान होतं, भुरी हा बुरशीचा रोग आणि तुडतुडे ही कीड वाढते, पण हवा धुऊन निघते आणि एक दिवस नाकाला आराम मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं की अडलेला पराग एकदम सुटतो, तेव्हा सावध राहायचं. आणि विजांचं वादळ असेल तर हिशोब बदलतो, कण पाणी पिऊन फुटतात, आतले अतिबारीक तुकडे बाहेर पडतात, ते नाकात न अडकता थेट फुप्फुसात जातात. २१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये असंच झालं, तिथे तो गवताचा पराग होता आणि तिकडचा वसंत होता, दम्याचे हजारो रुग्ण एका रात्रीत हॉस्पिटलला पोचले आणि दहा जण दगावले.

प्रदूषणाचं सांगायलाच हवं. डिझेलच्या धुरातले कण परागावर बसतात, ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइडने परागातली प्रथिनं बदलतात, आणि आधीच सुजलेल्या नाकाला कमी परागही पुरतो. थंडीत झाकणाखाली दोन्ही एकत्र कोंडलेले असतात. त्यामुळे नुसत्या झाडांवर खापर फोडू नका, धूर आणि धूळ कमी झाली तर त्याच परागाचा त्रास निम्म्या लोकांना जाणवणारही नाही असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं मोजता येतं. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात पतंगाला चिकट काच बांधून वरच्या हवेतले परागकण मोजले होते आणि १८७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १९५२ मध्ये हर्स्ट या शास्त्रज्ञाने पराग मोजायचं जे यंत्र बनवलं तेच तत्त्व आजही वापरात आहे, मिनिटाला दहा लिटर हवा आत ओढायची, म्हणजे साधारण माणूस श्वास घेतो तेवढी, ती तासाला दोन मिलिमीटर सरकणाऱ्या चिकट पट्टीवर आदळवायची आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे. दिवसाची ४८ मिलिमीटर पट्टी, त्यावरून कोणत्या तासाला काय आलं तेही कळतं. एखाद्या चार मजली कॉलेजच्या गच्चीवर हे बसू शकतं, वनस्पतिशास्त्राची मुलं मोजणी शिकू शकतात. चंडीगडने २०२२ मध्ये आपलं पराग कॅलेंडर काढलं. ठाणे, नवी मुंबईचंही हवं, कोणत्या महिन्यात कोणतं झाड, साधा एका पानाचा तक्ता, डॉक्टरांच्या भिंतीवर लावता येईल असा.

तोवर काय करायचं? त्रास दर वर्षी ठरावीक दिवसांतच होतो का हे वहीत लिहून ठेवा, तारीख, ऊन होतं का, वारा कुठला, सकाळी की रात्री. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना स्किन टेस्ट करताना या नोंदीचा फार उपयोग होतो. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी पूर्वेकडच्या खिडक्या सकाळी नऊ-दहापर्यंत बंद ठेवा, खारा वारा सुटला की उघडा. मॉर्निंग वॉक त्या काही आठवड्यांपुरता संध्याकाळी लवकर घ्या, अंधार पडायच्या आत. बाहेर वाळत घातलेले चादरी-टॉवेल झटकून आत आणा, बाहेरून आल्यावर तोंड-डोळे धुवा, मीठ-पाण्याने नाक धुणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलंच घ्या. दमा असेल तर पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका, थंडीत तर नाहीच.

आणि झाडं तोडायची मागणी कृपा करून करू नका. वावळ आपलं देशी झाड आहे, त्याच्यावर पाखरं, किडे जगतात. प्रश्न येतो तो एकाच जातीच्या वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडांची रांगच्या रांग खिडक्यांना चिकटून लावली की, कारण सगळ्यात जास्त पराग झाडाच्या आसपासच पडतो. सोसायटीत नवीन रोपं लावताना खिडकीजवळ बकुळ, कडुनिंब, करंज, ताम्हण अशी किड्या-माश्यांवर चालणारी झाडं मिसळून लावा, सुरू आणि तुती कुंपणाच्या टोकाला किंवा मोकळ्या मैदानाच्या कडेला जाऊ द्या, आणि रिकाम्या प्लॉटवरचा एरंड पावसाळा संपता संपता, त्याला तुरे यायच्या आत उपटून घ्यायला वॉर्डाकडे अर्ज करा.